गेटावरचं घमेलं

बेबीनंदाच्या पायात जोडवी नाहीत. कपाळाला कुंकू आहे, गळ्यात काळी पोत आहे, नवरा भुजंगराव ओट्यावर बसून तंबाखू मळतोय, दोन्ही वेळा पोटभर जेवतोय. आणि बायकोच्या पायाची बोटं उघडी. हळदीकुंकवाला गल्लीत नवी आलेली एखादी सून तिच्या कपाळाकडे बघते, मग पायाकडे बघते, आणि गोंधळून ताट पुढच्या बाईकडे सरकवते. जुन्या बायका तिला कोपरानं ढोसतात. "अगं, ती आगलावी हाये. तिचं तसंच असतंय."

आगलावी. आडनाव असावं तसं चिकटलंय. रेशनच्या दुकानात, पाण्याच्या टँकरपाशी, पोराच्या सोयरिकीच्या बोलण्यात. "कोणाचं पोरगं? त्या आगलावीचं का?" एक सोयरीक तर यावरच मोडली.

आग लागली होती ती नवीन जालन्यातल्या जिनिंग गिरणीत. मालधक्क्याच्या मागे ती अजून उभी आहे. एकोणिसावं शतक सरत आलं तेव्हा बांधलेली. विलायतेतल्या लाकडी गिरण्या कापसाच्या धुळीनं भसाभस पेटायला लागल्या, म्हणून तिथल्या लोकांनी लोखंडाच्या गिरण्या उभ्या केल्या. बिडाचे खांब, लोखंडी तुळया, तुळयांच्या मधे विटांच्या कमानी. जळण्यासारखं काही ठेवायचंच नाही. त्याचीच नक्कल इथं आली. खांब तिकडच्या भट्टीत ओतले, जहाजानं मुंबईला आले, पुढे रुळ होते तिथवर रेल्वेनं आणि उरलेली वाट बैलगाडीनं. आगीला भिऊन बांधलेली इमारत! आणि ती पेटली तेव्हा शंभर टन लोखंडाला कुणी काही विचारलं नाही. आळ आला एका नवख्या पोरीच्या पायाच्या बोटांवर.

गिरणी कधीच बंद पडली. आता तिचे जुने मालक शांतिलालशेठ यांचा नातू श्रेणिक तिथं मंगल कार्यालय उघडतोय. नाव ठेवलंय 'ठिणगी'.

उद्घाटनाला 'गिरणीतला एक दिवस' असा जिवंत देखावा हवा, म्हणून आमच्या नाटकाच्या ग्रुपला बोलावलं होतं. श्रेणिक आम्हाला खांबांमधून फिरवत होता. खांबांना काळा चकचकीत रंग दिलेला, वर पिवळे दिवे. एका खांबाच्या कमरेला जाड लोखंडी पट्टा आवळलेला. त्याच्या पायाशी काचेची पेटी, आत मखमल, मखमलीवर जोडव्यांचा जोड. वर, जिथं पूर्वी यंत्रं फिरवणारा शाफ्ट टेकायचा त्या लोखंडी हाताला, मोठी पाटी टांगलेली: 'याच खांबापाशी उडाली प्रेमाची ठिणगी.'

"ताई, स्टोरी ऐकाच," श्रेणिक म्हणाला. "आजोबांच्या टायमाला नियम होता. बायकांनी जोडवी गेटावर काढायची, कारण आत लोखंडी पत्र्याची फरशी. एक बाई ऐकलीच नाही. नवीन लग्न झालेलं. नवऱ्यासाठी जोडवी घालून आत गेली. घासली, ठिणगी उडाली, सगळा कापूस पेटला! नवऱ्यावरच्या प्रेमापायी अख्खी गिरणी जाळली तिनं. लग्नाच्या हॉलला याच्यापेक्षा भारी नाव सांगा मला."

"ती बाई कुठं असते?"

"कोण?"

"जोडवीवाली."

"अहो, ती कशाला जिवंत असेल आता! जुनी गोष्ट आहे."

गिरणीच्या मागच्या भिंतीपासून दोन गल्ल्या. आजोबांची गोष्ट नातवाला पाठ, आणि दोन गल्ल्यांवरची बाई त्याच्या लेखी मेलेली.

गिरणीत बायका काम कसं करायच्या ते आम्हाला कुणीतरी दाखवायला हवं होतं. सोनूबाई म्हणून तिथंच काम केलेली म्हातारी भेटली. ती म्हणाली, "माझी कंबर गेली. नंदाकडं चल. पन ठिणगीचं नाव काढू नको हां, फोडून काढंल."

बेबीनंदा भंगाराच्या वखारीत होती. जालन्याच्या भट्ट्यांना जाणारं भंगार निवडायचं तिचं काम. डोक्याला फडकं, अंगात नवऱ्याचा जुना शर्ट, हातात हातोडी. तुकड्यावर टोला मारायची, आवाज ऐकायची, या नाहीतर त्या ढिगात भिरकावायची.

"कसला देखावा?" तिनं मान वर न करता विचारलं.

"गिरणीतल्या कामाचा, मावशी. उद्घाटन आहे."

"कोण बघणार?"

"पाहुणे. सगळे मोठे लोक."

"आमी काम करताना कोन्ही आलं न्हाई बघायला. आता कुल्फी खात बघून राह्यले का?" टोला. "कापूस पाठीवर न्यायचा असतंय, डोक्यावर न्हाई. तोंडाला पदर. पाय अनवाणी. चप्पलच्या खिळ्यानं बी ठिणगी पडती म्हनून चपला गेटाबाहेर. उन्हाळ्यात ते पत्रे असे तापायचे की पाय ठेवला की उचल, ठेवला की उचल. नाचल्यावानी. ते दाखवा. टाळ्या पडतेल."

सोनूबाई खी खी हसली. "आन् भोंगा सांग की."

"भोंगा वाजायचा तवा जालना उठायचं. आमी त्याच्या आधीच उठलेल्या. गेटावर रांग. गेटवाली झडती घ्यायची, पोलक्यात हात घालून बघायची, काडीपेटी हाये का, बिडी हाये का. बाया कुठं बिडी वढतेत? पन हात घालायचा. मंग पुढं घमेलं. त्यात जोडवी टाकायची. सुटी झाली की सगळ्या त्या घमेल्यावर तुटून पडायच्या. माझं कुठंय, तुझं कुठंय. सोनू तर एकदा दुसरीचीच घालून गेल्ती."

"जड होती म्हनून!" सोनूबाई म्हणाली. "माझा नवरा म्हनला, आज पाय लई वाजून राह्यले."

दोघी हसल्या. मग बेबीनंदा सांगत गेली, हातोडी चालूच. आत रेच्यांची रांग. रेचा म्हणजे कापसातून सरकी काढणारं यंत्र. सगळ्या रेच्यांना फिरवणारा एकच लांब शाफ्ट, खांबांच्या लोखंडी हातांवर टेकलेला. शाफ्ट फिरला की खांब थरथरायचे. दोन खांबांच्या मधे बायका झोळ्या बांधायच्या, त्या थरथरीनं लेकरं झोपायची. खांब आतून पोकळ. पावसाळ्यात छताचं पाणी त्यातूनच खाली उतरायचं. कान लावला की आत नदी. खांबावर विलायती कारखान्याचं नाव उठावाचं ओतलेलं. वाचता कुणालाच येत नव्हतं. दसऱ्याला बायका त्याच अक्षरांवर हळदकुंकू वाहायच्या.

"देव समजून?"

"देव न्हाई गं. ज्याच्या अंगाखाली दिवसभर उभं राह्यचं त्याला हात जोडून ठेवल्यालं बरं. वरून पडला म्हंजी?"

एवढं सगळं ती सरळ सांगत होती, म्हणून मला वाटलं विचारावं. मी विचारलं. सोनूबाईनं कपाळाला हात लावला.

हातोडी थांबली.

"श्रेणिकशेठनं काय सांगितलं? सगळं सांग. शब्द न् शब्द."

मी सांगितलं. मी 'प्रेमाची ठिणगी' म्हणाले तेव्हा तिनं ते शब्द परत म्हणायला लावले. काचेची पेटी सांगितली. मखमल सांगितली.

"जोडवी ठिवली? कोनाची?"

"तुमचीच असतील ना."

"माझी त्यांच्या मुकादमानं काढून घेतली, परत दिली न्हाईत. ती आता कोन्या घमेल्यात गेली रामाला म्हाईत. म्हंजी इकत आणून ठिवली! इकतची जोडवी माझ्या पापाची म्हनून!" तिनं हातोडी ढिगावर फेकली. ती टणत्कार करत खाली घरंगळली. "बस. आता ऐक."

ती पिंपळगाव रेणुकाईची. तिच्या माहेरच्या घरात रीत अशी की लग्न झालेल्या पोरीला रेणुकेच्या देवळात न्यायचं आणि तिथं पायरीवर बसवून जोडवी चढवायची. तिच्या आईनं चढवली, आणि सासूनं शब्द घेतला: नवरा जिता आहे तोवर काढायची नाहीत. लग्नानंतर आठवड्याभरात सासूनंच तिला गिरणीत लावलं. भुजंग तिथं तेलवाला होता. शिडी लावून वर चढायचं, शाफ्टच्या बेरिंगात तेल सोडायचं, हे त्याचं काम.

"घरी आल्यावर म्या ह्यांना म्हनलं, गेटावर जोडवी काढाया लावतेत. सासू म्हनती, रोज रांडव होऊन आत जाती का? आता काय करू? तर हे हसले. जुना गमछा घेतला, टरकन फाडला. माझ्या बोटाला चिंधी गुंडाळली, स्वतःच्या हातानं. म्हनले, आता वाजणार न्हाई, दिसणार न्हाई. इचारलं तर सांग, बोटाला लागलंय. माझ्यासाठी काढू नको." तिनं पाय लुगड्याखाली ओढून घेतले. "मला इतकं गोड वाटलं होतं बाई. त्या गोडीला आग लागो."

मग तो दिवस. हंगाम भरात, अंगणात कापसाचे डोंगर, धक्क्यावर मालगाडीच्या वाघिणी उभ्या. सकाळपासून एक खांब वेगळाच थरथरत होता. वरून बारीक किंचाळी. बेबीनंदानं खांबाला तळवा लावला तर वरचा भाग ऊन लागत होता. ती भुजंगला शोधत गेली. "आवं, खांब गरम हाये. बेरिंग रडून राह्यलंय." त्यानं मुकादमाला सांगितलं. बेरिंगात तेल घालायचं तर शाफ्ट थांबवावा लागे. मुकादम म्हणाला, कापसाच्या गाठी वाघिणींत भरून होईपर्यंत शाफ्ट थांबणार नाही. भुजंग परत आला आणि बायकोला म्हणाला, "तू आपलं काम कर जल्दी जल्दी. मी बघतो."

काय बघितलं? एक ओला बोळा बेरिंगावर ठेवला. दुपारी त्या बेरिंगातून लालभडक तुकडे खाली उडाले आणि कापसात पडले.

"जाळ असा गेला, बाई, की पळताना पदर मागं राहिला का पुढं आला कळलं न्हाई. झोळ्यातली लेकरं पहिल्यांदा काढली. कोन्ही मेलं न्हाई, रेणुकामायची किरपा. मंग मुकादमानं तापल्या खांबावर पाण्याचा मोठा पाइप सोडला. बिडाचा तवा चुलीवरून काढून मोरीत घातल्यावर काय होतंय? तडकन् गेला खांब. वरची कमान बसली. तोच तो, पट्टा आवळलेला."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना अंगणात उभं केलं. शांतिलालशेठ खुर्चीवर. मुकादम ओरडत होता: आग लागली कशी? बेरिंग जळालं म्हटलं तर तेलवाला दोषी, आणि तेलवाल्यानं तोंड उघडलं तर मुकादम दोषी. दोघं एकमेकांकडे बघत होते.

"आन् मंग हे बोलले," बेबीनंदा म्हणाली. "माझा नवरा. सगळ्यांपुढं. 'मालक, माझ्या बायकोनं जोडवी काढली न्हव्हती.'"

वखारीत कुठेतरी पत्रा आपटला. सोनूबाई जमिनीकडे बघत होती.

"मला पुढं वढलं. बसवलं. बोटाची चिंधी सोडली मुकादमानं. चिंधी! चांगली दोन पदरी, गाठ मारलेली चिंधी! तिच्या आतलं जोडवं पत्र्याला लागंल कसं, गं? चार महिन्याच्या लेकराला बी कळंल. अंगणात दोनशे माणूस. कोन्ही बोललं? ही सोनू बोलली?"

"म्या घाबरले होते," सोनूबाई पुटपुटली.

"शेठनं चिंधी बघितली, जोडवी बघितली, ह्यांच्याकडं बघितलं. त्यांना बराबर कळलं होतं. पन उठून म्हनले, 'बाईला घरी पाठवा.' झालं. गिरणी बंद राहिली, सगळ्यांच्या चुली थंडावल्या, आन् ज्याच्या त्याच्या तोंडी माझं नाव. ह्यांना ठिवून घेतलं. गिरणी मिटल्यावर मुकादमाच्याच वळखीनं अंकुशनगरला साखर कारखान्यात लागले. तिथं बी तेलवालाच!"

"आणि तुम्ही राहिलात? त्यांच्याबरोबर?"

"जाऊ कुठं? माहेरात भाऊ म्हनला, गिरणी जाळली, आता घर जाळाया आली का. राहिले. लेकरं केली, भाकरी थापल्या, दुखणी काढली. पन जोडवी घातली न्हाईत. सासू रडली, पाया पडली. म्या म्हनलं, ज्यानं चिंधी बांधली त्यानंच ती सोडाया लावली. आता तो मरंल तवा मला काढायला काहीच नको ऱ्हायला."

तिनं हातोडी उचलली. निवडायला लागली. एक तुकडा भिरकावून म्हणाली, "ती पाटी उतरली पाहिजे. आन् कशी लागली आग, ते लोकांपुढं बोललं पाहिजे. अंगणात बोलले होते ना? तसंच. माझं दुसरं काही मागणं न्हाई."

त्याच दिवशी आम्ही श्रेणिककडे गेलो. त्यानं ऐकून घेतलं. आता पाट्या तयार आहेत, पत्रिका वाटल्यात, म्हणाला. "आणि भुजंगराव त्यांचे मिस्टर? त्यांना तर आपण स्टेजवर शाल देतोय. ज्येष्ठ कामगार. ते स्वतः आले होते, त्यांनीच कन्फर्म केलं की स्टोरी खरी आहे."

मी हे बेबीनंदाला सांगायला गेले तेव्हा भुजंगराव आरशासमोर गुलाबी फेटा बांधून बघत होते. सून मीना मागून शेव सारखी करत होती. बेबीनंदा चुलीपुढून उठली.

"आवं. शाल घ्यायला चालला म्हनं?"

"हा. गाडी पाठवून राह्यले शेठ." ते आरशातच बोलले.

"तिथं माइक देतेल. खरं सांगा."

"कशाला उकरून काढती आता? मुकादम मेला, शेठ मेले."

"मी हाये ना."

"म्या काय मुद्दाम केलं का? मला जेलात घातलं असतं, नंदे. बाईला कोन काय करतंय? दोन दिस बोलले असते आन् गप बसले असते."

"बसले का गप?"

भुजंगरावांनी फेटा नीट केला. "मोठ्या लोकांचं मंगल कार्य हाये. तमाशा करू नको."

मीनाचा हात शेवेवर तसाच राहिला. तिनं ही गोष्ट आजवर गल्लीची ऐकली होती, घरातली नव्हे. "मामंजी, म्हंजी आत्याबाईंनी न्हाई...?"

"तू पोळ्या बघ," ते म्हणाले.

उद्घाटनाच्या संध्याकाळी गेटावर झेंडूच्या माळा, शहनाईची कॅसेट, गुलाबपाणी शिंपडणाऱ्या पोरी. आणि गेटाच्या बरोबर मधे, पाटावर, बेबीनंदा. नवी चप्पल, इरकली लुगडं, पुढ्यात वखारीतलं लोखंडी घमेलं. शेजारी सोनूबाई, कंबर धरून.

वॉचमन पप्पू हात जोडून उभा. "मावशी, माझी नोकरी जाईल वो."

"तुझी कशी जाईल? म्या तुझंच काम करून राह्यले. पत्रिकेवर काय छापलंय, वाच."

"गिरणीतला एक दिवस."

"मंग गिरणीचा कायदा लागू. बायांनी जोडवी काढायची, घमेल्यात टाकायची, मंग आत."

पहिल्या आल्या त्या बियाण्याच्या कंपनीतल्या कुणा साहेबांच्या बाई. आधी हसल्या, त्यांना वाटलं देखाव्यातलंच काहीतरी. बेबीनंदानं घमेलं पुढे सरकवलं. "काढा." बाईंचं हसू गेलं. मागे बायकांची गर्दी साचली. शालू, अत्तर, कुजबुज. "अशुभ आहे हो!" "मंगल कार्यालयाच्या दारात?" "कुणीतरी शेठना बोलवा!"

श्रेणिकची बायको नेहल धावत आली. तिचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं.

"मावशी, हा काय प्रकार आहे?"

"तुमच्या आजेसासऱ्याच्या गेटाचा कायदा हाये, बाई. काढा."

"मी नाही काढणार. मी सौभाग्यवती आहे."

"बिलकुल बराबर. म्या बी हेच म्हन्ल्ते. तर मला आगलावी केलं, आन् तुमी माझ्या नावाची शहनाई लावली."

नेहलनं तिच्या पायांकडे बघितलं. नव्या चपलेतली उघडी बोटं. मग काचेच्या पेटीतल्या मखमलीची तिला आठवण झाली असावी, कारण ती एकदम मागे वळून आतल्या खांबाकडे बघायला लागली.

"तुम्ही... ती?"

"मी ती."

श्रेणिक आला, घाम पुसत. "मावशी, आपण आत बसून बोलू ना. चहा घेऊ. सगळे पाहुणे खोळंबलेत."

"खोळंबू द्या. आमी रोज खोळंबायचो."

"पप्पू, उचल ते घमेलं!"

पप्पू वाकला. बेबीनंदानं त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो सरळ झाला आणि म्हणाला, "जड हाये, शेठ."

तेवढ्यात गाडी आली. दार उघडलं, आधी गुलाबी फेटा बाहेर आला, मग भुजंगराव. गर्दीनं वाट दिली. ते हसत हसत दोन पावलं आले आणि पाटावरची बायको दिसली. हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं.

बेबीनंदा उठली. इतकी वर्षं ज्याला 'आवं' म्हणून हाक मारली, त्याला ती सगळ्या नवीन जालन्यासमोर म्हणाली,

"भुजंगा."

सोनूबाईनं तोंडाला पदर लावला. मीना सासऱ्याच्या मागे गाडीतून उतरत होती, ती तिथंच थांबली.

"तुझ्या पायात जोडवी न्हाईत. तुझ्याकडं टाकायला दुसरं हाये. टाक."

"नंदे, घरी चल. घरी बोलू."

"अंगणात बोलला होता तू. घरी न्हाई. शेठ खुर्चीवर होते, दोनशे माणूस होतं. आज बी तेवढं हाये. बोल. आग कशानं लागली?"

"मला आत जाऊ दे..."

"कशानं?"

भुजंगराव श्रेणिककडे बघायला लागले. श्रेणिक पाहुण्यांकडे. कुणीतरी शहनाई बंद केली. भुजंगराव काहीतरी बोलले, पण ते फेट्याच्या शेवेतच राहिलं.

"मोठ्यानं! भोंगा वाजायचा तसा!"

"बेरिंग!" म्हातारा ओरडला. आवाज फाटला. "बेरिंग जळालं! मला म्हाईत होतं! हिनं सकाळीच सांगितल्तं, खांब गरम हाये म्हनून. मुकादमानं शाफ्ट बंद करू दिला न्हाई, आन् म्या बोळा ठिवून गप बसलो!"

"आन् जोडवी?"

"चिंधीत होती."

"चिंधी कोनी बांधली?"

"म्या."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अत्तरवाल्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. ज्या घरानं सोयरीक मोडली होती तिथली एक बाई त्या गर्दीत होती. ती हळूच मागे सरकली.

श्रेणिकनं घसा साफ केला. "ठीक आहे, मावशी. झालं ना मनासारखं? उद्या सकाळी ती पाटी आम्ही..."

"उद्या न्हाई."

तिनं घमेलं उचललं, कमरेवर घेतलं आणि आत निघाली. चपला घालून. त्या लोखंडी पत्र्यांवर तिची पावलं टाप टाप वाजत होती आणि आमच्या ग्रुपच्या पोरी, अनवाणी, तोंडाला पदर बांधून, पाठीवर कापूस घेऊन देखाव्यासाठी उभ्या होत्या. त्यांनी गाठोडी खाली ठेवली.

पट्टा आवळलेल्या खांबापाशी ती थांबली. काचेची पेटी उघडी होती. जोडवी उचलून तिनं दिव्यात धरली. "शी! किती हलकी." घमेल्यात टाकली, घमेलं नेहलच्या हातात दिलं. "जिथून आणली तिथं परत करा." नेहलनं ते दोन्ही हातांनी धरलं. काय करायचं ते तिला कळेना, पण खाली ठेवलं नाही.

मग बेबीनंदानं वर पाटीकडे बोट केलं आणि मागे न बघता म्हणाली, "चढ."

सजावटवाल्यांची शिडी भिंतीला होती. भुजंगरावांनी ती आणली, खांबाला लावली. म्हातारे पाय, गुलाबी फेटा. ते चढायला लागले तशी शिडी लटपटली. बेबीनंदा हात घडी घालून उभी राहिली. शिडी धरायला ती गेली नाही. पप्पूनं धरली.

वर पोचून ते नटाशी झटत राहिले. पाटी नवी होती, पण टांगली होती त्या जुन्या लोखंडी हाताच्या नटाला. एक नट हलला. दुसरा हलेना.

"सुटंना गं," वरून आवाज आला. "गंजलाय."

"मंग तेल घाल," बेबीनंदा म्हणाली. "आता तरी घाल."

पप्पू तेल शोधायला स्वयंपाकघराकडे पळाला. शिडी मीनानं धरली.